पत्रातली अमानत

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या अंगात ताप आला, की घरातील वडीलमाणसे तुम्हांला दवाखान्यात घेऊन जातात. डॉक्टर तुमची नाडी पाहतात, छातीला नळी लावतात, जीभ दाखवायला सांगतात आणि मग औषध देतात. पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या युरोपात बरेच रोगी आपल्या वैद्याला भेटतच नसत. ते घरी बसून त्याला पत्र लिहीत. पत्रात आपले वय, आपला आहार, झोप, दुखण्याची सुरुवात आणि आतापर्यंत घेतलेली औषधे यांची सविस्तर हकिकत असे. वैद्य ते पत्र वाची, विचार करी आणि उत्तरात नुस्खा व पथ्य लिहून पाठवी.

तुम्ही म्हणाल, रोग्याला न पाहता इलाज कसा करता येईल? त्या काळी छाती तपासण्याची नळी नव्हती. ती फ्रान्समधील लाएनेक या डॉक्टरांनी 1816 साली शोधून काढली. ताप मोजण्याचे साधन फार थोडे वैद्य वापरीत. क्ष-किरणांची तर कोणाला कल्पनाही नव्हती. म्हणून रोगी समोर असला, तरी वैद्याचा भरवसा मुख्यतः त्याच्या सांगण्यावरच असे. मग ते सांगणे तोंडी असो, की कागदावर. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात विल्यम कलन नावाचे नामांकित प्राध्यापक राहत. त्यांच्याकडे दूरदूरच्या रोग्यांची पत्रे येत. 1781 पासून ते आपल्या उत्तरांच्या नकला एका यंत्रावर काढून ठेवू लागले. ते यंत्र जेम्स वॉट यांनी बनवले होते. वाफेच्या इंजिनात सुधारणा करणारे तेच हे जेम्स वॉट. कलन यांच्या दप्तरातील हजारो पत्रे एडिंबरोच्या वैद्यक महाविद्यालयात अजून जपून ठेवलेली आहेत.

आपले दुखणे कागदावर उतरवून दुसऱ्याच्या हाती देणे ही साधी गोष्ट नाही. त्यात रोग्याची भीती असते, कधी लाजही असते. असे पत्र म्हणजे वैद्यापाशी ठेवलेली अमानतच होय. ही अमानत मोडली तर काय होते आणि ती सांभाळली तर काय होते, हे एका थोर लेखकाच्या आयुष्यातून आपण पाहणार आहोत. त्या लेखकाचे नाव सॅम्युअल जॉन्सन. लोक त्यांना डॉक्टर जॉन्सन म्हणतात. पण ते औषध देणारे डॉक्टर नव्हते. त्यांची विद्वत्ता पाहून विद्यापीठांनी त्यांना ती पदवी दिली होती.

सॅम्युअल जॉन्सन यांचा जन्म 18 सप्टेंबर 1709 रोजी इंग्लंडमधील लिचफील्ड या गावी झाला. त्यांचे वडील मायकेल जॉन्सन पुस्तकांचे दुकान चालवीत. दुकानात पुस्तके पुष्कळ होती, पण घरात पैसा नव्हता. सॅम्युअल अगदी तान्हा असतानाच त्याला गंडमाळा झाल्या. मानेतील गाठी सुजल्या. त्या कापाव्या लागल्या, त्यांचे व्रण जन्मभर राहिले. एका डोळ्याने त्याला नीट दिसेना आणि एका कानाने नीट ऐकू येईना. राजाचा किंवा राणीचा हात लागला, की गंडमाळा बऱ्या होतात, अशी त्या काळी इंग्लंडात समजूत होती. म्हणून 1712 साली त्याच्या आईने त्याला लंडनला नेले. तेथे राणी ॲन हिने त्याला हात लावला आणि एक लहानसे सोन्याचे पदक दिले. दुखणे काही बरे झाले नाही. ते पदक मात्र जॉन्सन यांनी जन्मभर गळ्यात बाळगले.

मुलगा बुद्धीने अतिशय तल्लख होता. दुकानातील पुस्तके तो झपाट्याने वाचून काढी. लॅटिन भाषा त्याला उत्तम येऊ लागली. त्या काळी युरोपातील विद्वानांची भाषा लॅटिन होती. आपल्याकडे हकीम फारसीत नुस्खे लिहीत, तसे तिकडचे वैद्य लॅटिनमध्ये लिहीत. 1728 साली सॅम्युअल ऑक्सफर्ड येथील पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. पण तेथे गरिबी आड आली. त्याचे जोडे फाटून पायाची बोटे बाहेर दिसू लागली. कोणीतरी दया येऊन त्याच्या दाराशी नवे जोडे आणून ठेवले. स्वाभिमानी सॅम्युअलने ते रागाने फेकून दिले. सुमारे तेरा महिन्यांनी, 1729 च्या अखेरीस, फीसाठी पैसे नसल्यामुळे तो पदवी न घेताच घरी परतला.

याच सुमारास त्याला एका वेगळ्याच आजाराने घेरले. अंगाला जखम नव्हती, तापही नव्हता. पण मन काळवंडून गेले होते. कशातच रस वाटेना. सतत चिंता आणि निराशा. कधी कधी तर इतकी ग्लानी येई, की गावातल्या घड्याळाकडे पाहूनही किती वाजले ते कळत नसे. लिचफील्डपासून बर्मिंगहॅम सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. मन ताळ्यावर यावे म्हणून तो तेथपर्यंत पायी जाई आणि पायीच परत येई. तरीही गुण येईना. युनानी वैद्यकात या दुखण्याला मालिखोलिया म्हणतात. आजचे डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. ताप किंवा खोकला यांप्रमाणेच हाही एक आजार असून त्यावर इलाज होतो, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या काळी मात्र लोक त्याला वेडाची पहिली पायरी समजत आणि लपवून ठेवीत.

सॅम्युअलने ते लपवले नाही. डॉक्टर स्विनफेन नावाचे एक वैद्य होते. सॅम्युअलचा जन्म झाला तेव्हा ते जॉन्सन कुटुंबाच्या घरातच राहत होते. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी धर्मपित्याचा मान स्वीकारला होता. म्हणजे ते परके नव्हते, घरातलेच होते. त्यांना सॅम्युअलने आपल्या दुखण्याची संपूर्ण हकिकत लॅटिनमध्ये लिहून दिली. वीस वर्षांच्या त्या तरुणाने आपल्या मनातील सारा अंधार त्या कागदावर ओतला.

स्विनफेन यांनी ते पत्र वाचले आणि ते थक्क झाले. रोगी इतका बारकाईने आपल्या मनाचे निरीक्षण करतो, इतक्या सुंदर लॅटिनमध्ये ते मांडतो, याचे त्यांना फार कौतुक वाटले. त्या कौतुकाच्या भरात त्यांनी ते पत्र आणखी काही लोकांना वाचायला दिले.

मुलांनो, स्विनफेन यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना सॅम्युअलची निंदा करायची नव्हती. उलट, त्याची हुशारी लोकांना दाखवायची होती. पण ही बातमी कळली, तेव्हा सॅम्युअलच्या मनाला फार लागले. ज्या गोष्टी त्याने जगापासून दडवल्या होत्या, त्या आता गावातील चार लोकांना माहीत झाल्या होत्या. त्याने भाषेची परीक्षा देण्यासाठी ते पत्र लिहिले नव्हते. तो मदत मागत होता. जॉन्सन यांचे एक मित्र हॉकिन्स यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. त्यात दिले आहे, की या दुखण्यातून पुढे बुद्धी भ्रष्ट होण्याचा धोका आहे, असेही स्विनफेन यांनी त्याला कळवले होते. वेड लागण्याची ही भीती जॉन्सन यांच्या मनातून आयुष्यभर गेली नाही. स्विनफेन यांच्याविषयी त्यांच्या मनात जी अढी बसली, तीही पुरती कधीच निघाली नाही. 1736 साली स्विनफेन वारले.

यानंतरची वर्षे कष्टाची होती. 1735 साली जॉन्सन यांनी एलिझाबेथ पोर्टर या विधवा स्त्रीशी विवाह केला. लिचफील्डजवळ एक शाळा काढली. तिच्यात मोजकेच विद्यार्थी आले आणि ती लवकरच बंद पडली. 1737 साली डेव्हिड गॅरिक या आपल्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन ते लंडनला गेले. हा गॅरिक पुढे इंग्लंडचा सर्वांत प्रसिद्ध नट झाला. जॉन्सन मासिकांत लिहून कसेबसे पोट भरू लागले.

1746 साली काही प्रकाशकांनी त्यांच्यावर एक अवाढव्य काम सोपवले. इंग्रजी भाषेचा मोठा शब्दकोश, म्हणजे लुगत, तयार करायचा होता. हाताखाली सहा लेखनिक घेऊन जॉन्सन यांनी ते काम सुरू केले. काम चालू असतानाच, 1752 साली, त्यांची पत्नी मरण पावली. दुःख गिळून ते लिहीत राहिले. 15 एप्रिल 1755 रोजी दोन जाड खंडांचा तो शब्दकोश प्रसिद्ध झाला. त्यात 42 हजारांहून अधिक शब्द होते. ज्याला मनाच्या आजाराने अंथरुणातून उठवत नसे, त्या माणसाने हे काम पार पाडले. 1762 साली राजाने त्यांना वर्षाला तीनशे पौंडांचे वेतन बांधून दिले, तेव्हा कुठे त्यांची गरिबी संपली.

आता मोठमोठे लोक त्यांच्याशी बोलायला उत्सुक असत. 1764 साली त्यांनी आणि चित्रकार रेनल्ड्स यांनी मित्रांचे एक मंडळ स्थापन केले. पुढे या मंडळात सर विल्यम जोन्सही आले. जोन्स यांनी फारसी भाषेचे व्याकरण लिहिले आणि 1784 साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापन केली. वॉरन हेस्टिंग्ज यांना 1774 साली भारतात पाठवलेल्या पत्रात खुद्द जॉन्सन यांनीही फारसी आणि पूर्वेकडील विद्यांच्या अभ्यासाची आस्था दाखवली होती.

कीर्ती आली, पैसा आला, तरी जॉन्सन यांचे घर श्रीमंताचे घर झाले नाही. ते निराधारांचे आश्रयस्थान झाले. तेथे ॲना विल्यम्स नावाची अंध विदुषी राहत असे. गुलामीत जन्मलेला, जमैकाहून आलेला फ्रान्सिस बार्बर राहत असे. जॉन्सन यांनी त्याला शाळेत घातले आणि मरताना आपल्या मालमत्तेचा मोठा भाग त्याला दिला. रॉबर्ट लेव्हेट नावाचा एक गरिबांचा वैद्यही तेथे राहत असे. त्याच्याजवळ पदवी नव्हती. तो रोज लंडनच्या गल्लीबोळांतून मैलोन्‌मैल पायी हिंडून गोरगरिबांवर उपचार करी आणि ते देतील ते घेई. 1782 च्या जानेवारीत तो वारला, तेव्हा जॉन्सन यांनी त्याच्यावर एक कविता लिहिली. थोरामोठ्यांवर कविता लिहिणारे पुष्कळ होते. जॉन्सन यांनी ती एका साध्या माणसावर लिहिली.

याच घरात श्रीमती डेमुलँ नावाची एक विधवा आपल्या मुलीसह राहत असे. ही कोण, सांगा पाहू? ती होती डॉक्टर स्विनफेन यांची मुलगी. ज्या वैद्याने जॉन्सन यांचे पत्र लोकांना दाखवले, त्यांचीच ही लेक आता निराधार झाली होती. जॉन्सन यांनी तिला घरात जागा दिली. एवढेच नव्हे, तर खर्चासाठी आठवड्याला अर्धी गिनीही बांधून दिली. ही रक्कम त्यांच्या वेतनाच्या बाराव्या हिश्शाहून जास्त होती. घरातील माणसांची आपसांत भांडणे होत. त्याचा त्रास जॉन्सन यांना होई, पण त्यांनी कोणालाही बाहेर काढले नाही. वडिलांनी केलेली चूक त्यांना आठवत होती, पण तिची शिक्षा त्यांनी मुलीला दिली नाही.

तरुणपणी असा अनुभव आला, म्हणून जॉन्सन यांनी वैद्यांना पत्र लिहिणे सोडून दिले का? नाही. उतारवयात त्यांना दमा जडला. रात्री श्वास कोंडे, झोप येत नसे. डॉक्टर टॉमस लॉरेन्स हे त्यांचे वैद्य होते आणि जिवलग मित्रही होते. लॉरेन्स काही वर्षे लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. जॉन्सन त्यांना आपल्या दुखण्याविषयी लॅटिनमध्ये पत्रे लिहीत. 1782 च्या मे महिन्यातील एका पत्रात त्यांनी कळवले, की नवी सर्दी, नवा खोकला आणि धाप यांमुळे पुन्हा रक्त काढावेसे वाटते, पण तुम्हांला विचारल्याशिवाय मी ते करणार नाही. त्या काळी बहुतेक दुखण्यांवर शीर तोडून रक्त काढीत. त्याने रोगी बहुधा अशक्तच होई, हे आज आपल्याला कळते. तेव्हा वैद्यांनाही ते ठाऊक नव्हते.

या दोघांचा पत्रव्यवहार एकतर्फी नव्हता. 1780 साली लॉरेन्स यांची पत्नी वारली. तेव्हा रोग्याने वैद्याला धीर दिला. जॉन्सन यांनी स्वतः पत्नीवियोग सोसला होता. म्हणून त्यांचे ते सांत्वनाचे पत्र वरवरचे नव्हते. पुढे 1782 मध्ये लॉरेन्स यांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. ज्यांना पत्र लिहून सल्ला विचारायचा, त्यांनाच आता उत्तर देता येत नव्हते. जॉन्सन त्यांच्या मुलीला पत्रे लिहून त्यांची विचारपूस करीत राहिले. 1783 च्या जूनमध्ये लॉरेन्स मरण पावले.

त्याच महिन्यात जॉन्सन यांच्यावरही तोच प्रसंग आला. 17 जून 1783 रोजी पहाटे तीनच्या सुमारास त्यांना जाग आली. डोक्यात काहीतरी गोंधळ झाल्यासारखे वाटत होते. बोलण्याचा प्रयत्न केला, तर शब्द फुटेना. त्यांनाही पक्षाघाताचा झटका आला होता. वाचा गेली, पण बुद्धी शाबूत आहे ना? हीच तर त्यांची आयुष्यभराची भीती होती. त्यांनी परमेश्वराची प्रार्थना केली आणि ती प्रार्थना मनातल्या मनात लॅटिन पद्यात रचून पाहिली. पद्य फारसे चांगले साधले नाही. पण ते चांगले नाही, हे आपल्याला कळते आहे, यावरून त्यांनी ओळखले, की आपली बुद्धी ठिकाणावर आहे.

सकाळी त्यांनी नोकराच्या हाती एक चिठ्ठी दिली. मालक तोंडाने न सांगता कागद का देतात, हे त्या नोकराला कळेना. मग त्यांनी शेजारी राहणाऱ्या ॲलन नावाच्या छापखानेवाल्या मित्रासाठी चिठ्ठी लिहिली. लिहिताना हात चुकत होता. मनात एक अक्षर असे आणि कागदावर दुसरेच उमटे. तरी त्यांनी आपली अवस्था स्पष्ट लिहिली आणि मदतीला येण्यास सांगितले. हेबर्डन आणि ब्रॉकल्सबी असे दोन नामवंत वैद्य धावून आले. काही दिवसांत वाचा हळूहळू परत आली. पुढच्याच महिन्यात जॉन्सन प्रवासालाही गेले. विचार करा, मुलांनो. त्या पहाटे त्यांचा आवाज गेला होता, पण लेखणी हाती होती. तिनेच मदत बोलावून आणली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दम्याबरोबर जलोदरही झाला. अंगात पाणी साठू लागले. कित्येक आठवडे त्यांना घराबाहेर पडता आले नाही. 1784 च्या फेब्रुवारीत एके दिवशी अचानक वीस पाइंट, म्हणजे सुमारे दहा लिटर पाणी शरीरातून निघून गेले आणि त्यांना आराम वाटला. त्यांचे तरुण मित्र जेम्स बॉस्वेल तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. जॉन्सन यांनीच त्यांना तेथील वैद्यांचा सल्ला घेण्यास सांगितले. बॉस्वेल यांनी मार्च महिन्यात एडिंबरोच्या तीन प्रसिद्ध वैद्यांना पत्रे पाठवली. त्यांपैकी एक होते, आपण सुरुवातीला पाहिलेले विल्यम कलन. तिघांचीही उत्तरे आली.

येथे क्षणभर थांबा. तरुणपणी आपल्या दुखण्याची हकिकत चार लोकांनी वाचली, म्हणून जॉन्सन दुखावले होते. आता तीच हकिकत अनेक वैद्यांनी वाचावी, असे ते स्वतःच सांगत होते. मग फरक कोठे पडला? फरक परवानगीचा आहे. स्विनफेन यांनी न विचारता पत्र दाखवले होते. बॉस्वेल यांनी जॉन्सन यांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्या इलाजासाठी विचारणा केली. अमानत ज्याची असते, तिचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्याचाच असतो.

1784 च्या जुलैत जॉन्सन आपल्या जन्मगावी लिचफील्डला आणि तेथून ॲशबोर्नला गेले. ते नोव्हेंबरपर्यंत लंडनबाहेर होते. या चार महिन्यांत त्यांनी डॉक्टर ब्रॉकल्सबी यांना वरचेवर पत्रे लिहिली. श्वास कसा चालतो, झोप किती लागते, पायांवर सूज आहे की उतरली, अफू किती घेतली, रानकांद्याच्या जातीच्या औषधी कांद्याने काय गुण आला, हे सारे ते प्रामाणिकपणे कळवीत. बरे वाटले तर बरे, नाही तर नाही. वैद्याला खूश करण्यासाठी किंवा घाबरवण्यासाठी त्यांनी काही वाढवून लिहिले नाही.

ब्रॉकल्सबीही केवळ नुस्खे लिहून थांबत नसत. त्या वर्षी लंडनमध्ये माणूस पहिल्यांदाच मोठ्या फुग्यात बसून आकाशात गेला. आजारी मित्राचे मन रमावे म्हणून ब्रॉकल्सबी यांनी त्या उड्डाणाचे वर्णन लिहून पाठवले. जॉन्सन यांनी त्या वर्णनाचे कौतुक केले, पण पुढच्या एका पत्रात लिहिले, की आपल्याला आता दम्याला आराम देणारे एखादे औषध सापडले तर जास्त आवडेल. ते औषध त्यांच्या हयातीत सापडले नाही. जलोदरावर फॉक्सग्लव्ह या वनस्पतीचा कसा उपयोग होतो, हे बर्मिंगहॅमचे डॉक्टर विदरिंग यांनी आपल्या ग्रंथात मांडले. पण तो ग्रंथ 1785 साली, जॉन्सन यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.

जॉन्सन यांना हवापालटासाठी परदेशी जाता यावे, म्हणून मित्र पैशांची खटपट करीत होते. ते कळल्यावर ब्रॉकल्सबी यांनी त्यांना दरवर्षी शंभर पौंड देण्याची तयारी दाखवली. वैद्याने रोग्याला पैसे देऊ करावेत, असे तुम्ही कधी ऐकले आहे का? जॉन्सन यांचे मन भरून आले, पण त्यांनी ते पैसे घेतले नाहीत. शेवटच्या आजारात त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांपैकी कोणीही फी घेतली नाही.

डिसेंबर 1784 उजाडला. आपली वेळ जवळ आली, हे जॉन्सन यांनी ओळखले. त्यांनी आपली पुष्कळ खासगी कागदपत्रे जाळून टाकली. मग त्यांनी ब्रॉकल्सबी यांना सरळ विचारले, की मी बरा होईन का? ब्रॉकल्सबी यांनी आधी विचारले, की पूर्ण सत्य ऐकण्याची तुमची तयारी आहे का? जॉन्सन यांनी होकार दिला. तेव्हा वैद्याने सांगितले, की चमत्कार झाल्याखेरीज तुम्ही बरे होणार नाही. जॉन्सन रागावले नाहीत. त्यांनी ठरवले, की आता औषध नको, गुंगी आणणारी अफूही नको. शुद्ध मनाने परमेश्वरासमोर जायचे. ज्या बुद्धीची त्यांना जन्मभर काळजी वाटली, ती शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिली. 13 डिसेंबर 1784 रोजी त्यांनी देह ठेवला. 20 डिसेंबरला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचे दफन झाले. 1791 साली बॉस्वेल यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. जगातील उत्तम चरित्रांत त्याची गणना होते. वैद्यांना लिहिलेली जॉन्सन यांची अनेक पत्रे त्यात आहेत. स्विनफेन यांनी लोकांना दाखवलेले ते पहिले पत्र मात्र आज कोठेच उपलब्ध नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता वैद्याला पत्र लिहिण्याचा काळ मागे पडला आहे. फोनवर बोलून सल्ला घेता येतो, तपासणीचे अहवाल क्षणात इकडून तिकडे जातात. पण साधने बदलली, तरी अमानत तीच आहे. तुमचा एखादा मित्र तुम्हांला विश्वासाने आपले दुखणे सांगेल. त्याला रात्री झोप येत नाही, असे सांगेल. मनात सतत भीती वाटते, असेही सांगेल. ती गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय वर्गात सांगू नका, चेष्टेने नको आणि कौतुकानेही नको. त्याला मोठ्यांच्या मदतीची गरज दिसली, तर तसे त्याला समजावून सांगा आणि त्याच्याबरोबर आईवडिलांकडे, शिक्षकांकडे किंवा डॉक्टरांकडे जा. आणि दुखणे तुमचे स्वतःचे असेल, तर ते लपवू नका. जॉन्सन यांचा विश्वास एकदा मोडला होता, तरी त्यांनी पुन्हा लेखणी उचलली आणि खरे तेच लिहिले. म्हणूनच त्यांना लॉरेन्स आणि ब्रॉकल्सबी यांच्यासारखे वैद्य मित्र म्हणून लाभले.